विषाणू कीटकनाशकांना गुळाची जोड

राज्याच्या कोरडवाहू भागात हरभरा हे रब्बी हंगामातील एक प्रमुख पीक होय. पीक फुलोऱ्यात येऊन घाटे धरू लागण्याच्या सुमारास त्यावर जी अळी दिसू लागते, तिला शेतकरी घाटे अळी म्हणतात. हीच अळी तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर हिरवी अथवा अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोवर फळे पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते. नावे चार, कीड एकच. शास्त्रीय परिभाषेत तिचे नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा असे असून जुन्या पुस्तकांतून ते हेलिओथिस असे आढळेल. एक अळी आपल्या आयुष्यात तीस ते चाळीस घाट्यांचे नुकसान करते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डोके घाट्यात आणि निम्मे शरीर बाहेर, अशा अवस्थेत दाणा खाणारी अळी ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही.

या अळीच्या बंदोबस्तासाठी कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत रासायनिक औषधांबरोबरच एका निराळ्या कीटकनाशकाचा समावेश आहे. एच.ए.एन.पी.व्ही. या लांबलचक आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. हे रसायन नव्हे. घाटे अळीला निसर्गतःच होणाऱ्या एका रोगाचा हा विषाणू होय. भारतात या अळीवर तो आढळल्याची नोंद १९६८ साली गुजरातमध्ये झाली. तेव्हापासून आजतागायत त्याच्यावर आपल्याकडे पुष्कळ संशोधन झाले, तो प्रयोगशाळांतून तयार होऊ लागला आणि प्रात्यक्षिकांतून शेतकऱ्यांच्या हातीही पोहोचला.

असे असूनही गावोगावी त्याविषयी एक तक्रार ऐकू येते. फवारणी केली, पण दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच; तिसऱ्या दिवशीही त्या खातच आहेत; चौथ्या दिवशी शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो आणि रासायनिक औषध घेऊन येतो. पुढच्या वर्षी विषाणूची बाटली फुकट दिली तरी ती गोठ्याच्या कोनाड्यात पडून राहते. या तक्रारीत गैरसमजाचा भाग आहे. पण ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणून कृषी विस्तार कार्यकर्त्याला मोकळे होता येणार नाही. विषाणू अनेकदा खरोखरच कमी पडतो. तो का कमी पडतो आणि किलोभर गूळ त्यावर कितपत उपाय ठरू शकतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पोटातूनच होणारा रोग

बहुतेक रासायनिक कीटकनाशके अळीच्या अंगावर पडली तरी भिनतात. विषाणूचे तसे नाही. तो अंगावर पडला, पाठीवर सुकला, तरी अळीला काही होत नाही. तो तिच्या पोटातच जावा लागतो.

हा विषाणू निसर्गात एका प्रथिनाच्या बारीक स्फटिकात बंद असतो. अनेक बाजू असलेला हा स्फटिक आकाराने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो व साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या कणासारखा दिसतो. पानाबरोबर तो अळीच्या पोटात गेला की तेथील तीव्र अल्कधर्मी रसात विरघळतो आणि आतील विषाणू मोकळे होतात. अन्ननलिकेच्या पेशींत शिरून तेथून ते सर्व शरीरभर पसरतात. चार ते सात दिवसांत अळी मरते. मरण्यापूर्वी ती बहुधा झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागील पायांनी फांदीला धरून उलटी लोंबकळते. युरोपातील सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यांत अळ्यांचा असाच रोग एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असून जर्मन भाषेत त्याचे नावच 'शेंड्याचा रोग' असे आहे. मेलेल्या अळीची कातडी नाजूक होऊन फाटते व आतील द्रव खालच्या पानांवर ओघळतो. त्या द्रवात अब्जावधी नवे स्फटिक असतात.

आपल्या राज्यात रेशीम उद्योग करणाऱ्यांना ग्रासरी हा रोग परिचित आहे. तो याच कुळातील विषाणूमुळे होतो. यावरून कोणी अशी शंका घेईल की, हरभऱ्यावर विषाणू फवारल्यास शेजारच्या तुतीवरील रेशीम कीटक दगावतील काय? तसे होत नाही. घाटे अळीचा विषाणू तिच्यापुरता आणि तिच्या अगदी जवळच्या जातींपुरताच आहे. मधमाश्या, पशुपक्षी व माणसे यांना त्यापासून उपद्रव नाही. या गटातील विषाणूंच्या सुरक्षिततेचा विचार जागतिक आरोग्य संघटना व अन्न व कृषी संघटना यांनी १९७३ सालीच केलेला आहे.

मात्र हा नेमकेपणा जसा गुण आहे, तशी ती मर्यादाही आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी ही सर्वस्वी निराळी कीड असून तिच्यासाठी एच.ए.एन.पी.व्ही. ची बाटली विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीसाठी, म्हणजेच सोयाबीनवर २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात ज्या अळीने कहर केला त्या स्पोडोप्टेरासाठी, वेगळा विषाणू असतो.

उन्हाशी शर्यत

विषाणू पोटातून लागतो म्हटल्यावर दोन प्रश्न उभे राहतात. अळी किती खाते? आणि ती खाईपर्यंत पानावरचा विषाणू टिकतो काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण विषाणूचे मोठे शत्रू आहेत. उघड्या पानावर पडलेल्या विषाणूची बरीचशी शक्ती एक-दोन दिवसांच्या कडक उन्हात नाहीशी होते. म्हणूनच फवारणी सायंकाळी करावी, अशी शिफारस असते. रात्रभर तरी अळीला निर्वेध खायला मिळावे हा त्यामागील हेतू होय.

ऊन हे एकटेच संकट नाही. पानही गप्प बसत नाही. हरभऱ्याची आंब ठाऊक नाही असा शेतकरी विरळा. रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरून पहाटे ते पिळून काढलेली आंब पोटदुखीवर घरोघरी जपून ठेवली जात असे. ही आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लवेतून पाझरणारा आम्लयुक्त द्रव होय. हरभऱ्यावर विषाणू अपेक्षेपेक्षा कमी प्रभावी ठरतो, असे दिसून आल्यावर पूर्वी त्याचा दोष या आम्लांवर टाकला जाई. ब्रिटनमधील ग्रिनिच विद्यापीठाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मात्र, हरभऱ्याच्या पानाच्या पृष्ठभागावर असणारी आयसोफ्लाव्होनॉइड वर्गातील संयुगे विषाणूला निष्प्रभ करतात, असे दाखवून देण्यात आले. कपाशीची तऱ्हा उलटी. तिच्या पानांवर क्षार पाझरतात. त्यामुळे पानावरील दवबिंदू अल्कधर्मी होतात. जी अल्कता अळीच्या पोटात स्फटिक फोडते, तिचाच सौम्य अवतार पानावर उभा असतो.

आता पहिला प्रश्न. एका हेक्टर हरभऱ्यासाठी विषाणूची प्रचलित मात्रा २५० एल.ई. इतकी आहे. एल.ई. म्हणजे 'अळी-समतुल्य', पूर्ण वाढलेल्या एका रोगग्रस्त अळीपासून मिळणारा विषाणू, या कल्पनेतून हे माप रूढ झाले. घाटे अळीच्या बाबतीत एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी स्फटिक असे मानतात. २५० एल.ई. म्हणजे दीड लाख कोटी स्फटिक. ही संख्या प्रचंड वाटते, पण हेक्टरभर पसरली की जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरला ती अवघी १५ हजार होते. पानांचे क्षेत्रफळ जमिनीच्या कित्येक पट असल्याने प्रत्यक्ष पानावर त्याहून कमी आणि उन्हाने दुसऱ्या दिवशी त्यातलीही बरीच निकामी.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला मरण्यास त्यातील थोडेच स्फटिक पुरतात. पण अळी जसजशी वाढते, तसतशी मारक मात्रा झपाट्याने वाढत जाते. बोटभर लांबीच्या अळीला लहान अळीच्या शेकडो, किंबहुना हजारो पट मात्रा लागते. त्यातच लहान अळी खाते तरी किती? ती पानाचा हिरवा भाग जरासा खरवडते, पुढे सरकते, पुन्हा खरवडते आणि काही दिवसांतच घाट्यात किंवा बोंडात शिरते. एकदा आत शिरली की बाहेरच्या पानावर काय फवारले आहे, याच्याशी तिला कर्तव्य राहत नाही.

म्हणजे अळी लहान आहे, बाहेर आहे आणि विषाणू जिवंत आहे, अशी संधी फार थोडा वेळ मिळते. त्या अवधीत तिने अधिक खाल्ले पाहिजे. विषाणूची मात्रा वाढविणे हा एक मार्ग झाला. परंतु विषाणू जिवंत अळ्यांतच वाढवावा लागतो आणि घाटे अळ्या एकमेकींना खात असल्यामुळे प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात पाळावी लागते. त्यामुळे विषाणू स्वस्त नाही. दुसरा मार्ग म्हणजे अळीची भूक चाळविणे.

रुचिवर्धकांचा शोध

अळीला अधिक खायला लावणाऱ्या पदार्थांना या लेखात आपण रुचिवर्धक म्हणू. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मोन्टोया, इग्नोफो व मॅकगार या शास्त्रज्ञांनी हेलिओथिसच्या विषाणूबरोबर रुचिवर्धक वापरून केलेल्या प्रयोगांचा अहवाल १९६६ सालीच प्रसिद्ध झाला होता. पुढे १९७५ साली हेलिओथिसच्या विषाणूपासून तयार केलेल्या 'एल्कार' या कीटकनाशकाची तेथे नोंदणी झाली आणि ते कपाशीवर वापरले जाऊ लागले. त्याच सुमारास बेल व कॅनव्हल या शास्त्रज्ञांनी कपाशीवरील बोंडअळ्यांसाठी विषाणू व आमिष यांच्या मिश्रणांवर काम केले. या काळात 'कोॲक्स' नावाचे एक मिश्रण बाजारात आले. सरकीचे पीठ, सरकीचे तेल, साखर व ते पाण्यात मिसळावे म्हणून एक साबणासारखा पदार्थ, असे त्याचे घटक. आपल्याकडील शेतकऱ्याला यातील एकही गोष्ट परकी वाटणार नाही.

जंगलातील किडींसाठीही हाच मार्ग चोखाळण्यात आला. अमेरिकेच्या वन विभागाने 'जिप्सी मॉथ' या पतंगाच्या अळ्यांसाठी तयार केलेल्या व १९७८ साली नोंदणी झालेल्या विषाणू कीटकनाशकाच्या फवारणी मिश्रणात मळी घातली जात असे. साखर कारखान्याची मळी! ती अळीला गोड लागते, थेंब लवकर सुकू देत नाही आणि तिच्या गडद रंगामुळे विषाणूवर थोडीफार सावलीही धरली जाते.

अमेरिकेतील विषाणूंना १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी मागे टाकले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. ती औषधे स्वस्त होती, झटपट मारीत आणि त्यांत काही मिसळावे लागत नसे. आपल्याकडेही तेच झाले. नंतर अळीने या औषधांनाही दाद देणे सोडले. १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांत कपाशीची जी दुर्दशा झाली आणि त्यातून शेतकऱ्यांवर जे संकट कोसळले, ते या कथेचे सर्वांत कटू प्रकरण होय. विषाणूंकडे पुन्हा लक्ष वळण्यामागे हा अनुभव आहे.

भारतात या विषयावरील उल्लेखनीय काम कोइंबतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठात आर. जे. रवींद्र व एस. जयराज यांनी १९८० च्या दशकात केले. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी विषाणूबरोबर कोणते पूरक पदार्थ उपयुक्त ठरतात, याची त्यांनी पाहणी केली. गूळ आणि सरकीचा अर्क यांसारख्या सहज मिळणाऱ्या पदार्थांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले गेले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. विषाणूच्या फवारणीत अर्धा टक्का गूळ घालण्याचा जो सल्ला आज अनेक ठिकाणी दिला जातो, त्याची परंपरा अशा कामातून आलेली आहे.

जिभेचे काम

अळीच्या तोंडाजवळ अतिशय बारीक चवदर्शक केस असतात. पानाला तोंड लावताच त्यांवरील पेशी साखर, आम्ल, कडू द्रव्ये यांची बातमी मेंदूला देतात. साखरेची बातमी मिळाली की चावण्याची क्रिया सुरू होते व चालू राहते. गुळातील साखर हेच काम करते. पानाचा तो तुकडा अळी सोडत नाही. एरवी एका जागी चार घास खाऊन पुढे गेली असती, तेथे ती आठ घास खाते. पानावरचे विषाणू जिवंत आहेत तोवर तिच्या पोटात अधिक स्फटिक जातात. वाढत्या अळीला लागणारी मोठी मात्रा भरून निघण्याची शक्यता यामुळेच वाढते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. गूळ अळीला लांबून ओढून आणत नाही. तो आमिष आहे, पण सापळ्यातील गंधासारखे नव्हे. अळीचे तोंड त्या थेंबाला लागले तरच त्याचा उपयोग. म्हणून फवारणीतील थेंब बारीक आणि सर्वत्र सारखे पडणे याला पर्याय नाही. 'गूळ घातला आहे, येईल अळी आपोआप' असे म्हणून पंप वरचेवर मारत पुढे जाणाऱ्याचा गूळही वाया जातो व विषाणूही.

रुचिवर्धकाचा लाभ सर्व पिकांवर सारखाच मिळेल, असेही नाही. जे पान अळीला मुळातच आवडते, तेथे गुळाने पडणारी भर मर्यादित राहणार. जेथे पान कमी रुचकर आहे तेथे ती अधिक दिसेल. निरनिराळ्या प्रयोगांत फायद्याचे प्रमाण कमीअधिक आलेले आहे. प्रयोगशाळेत ठळक दिसणारा परिणाम शेतात ऊन, दव आणि वारा यांच्यामुळे पुष्कळदा पुसट होतो. गूळ म्हणजे रामबाण, असा प्रचार करणे म्हणजे पुढच्या हंगामातील निराशेची पेरणी करणे होय. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, गुळाचे महत्त्व त्याच्या स्वस्ताईत आहे. एकरी किलोभर गुळाने थोडा जरी फायदा झाला, तरी तो खर्च भरून निघतो. आणि एक फवारणी वाया गेल्याने उडालेला विश्वास मात्र कोणत्याच किमतीला लवकर परत मिळत नाही.

राणीपालचा उल्लेखही येथे करावयास हवा, कारण शिफारशींत तो गुळाबरोबरच येतो आणि दोहोंची गल्लत होते. कपड्यांना पांढरेशुभ्र तेज आणणारी ही भुकटी लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात घालतात. ती रुचिवर्धक नव्हे. ती जंबुपार किरण शोषून घेते व विषाणूला उन्हापासून वाचविते. अमेरिकेत मार्टिन शापिरो व त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ साली असे दाखविले की, या जातीची काही तेजवर्धक द्रव्ये विषाणूची मारकशक्तीही वाढवितात. अळीच्या अन्ननलिकेतील पातळ संरक्षक पडदा त्यांमुळे दुबळा होतो, असे त्याचे कारण पुढे सांगितले गेले. गूळ अळीला खायला लावतो, राणीपाल खाल्लेल्या विषाणूला तारतो. दोघांची कामे वेगळी, म्हणून दोन्हींना जागा आहे.

फवारणी करताना

एका एकरासाठी २०० लिटर पाणी धरले, तर अर्धा टक्का म्हणजे १ किलो गूळ लागेल. १५ लिटरच्या पाठीवरील पंपाला ७५ ग्रॅम. गूळ आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावा. गुळात उसाची चिपाडे व रेतीचे कण हमखास असतात; न गाळल्यास नोझल तुंबते आणि वैतागलेला मजूर नोझलच काढून टाकतो. सरकीचे किंवा हरभऱ्याचे पीठ घालावयाचे झाल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी. गुळाचे पाणी रात्रभर ठेवू नये, ते आंबते.

पाणी पानावर पसरावे म्हणून साबण घालण्याची पद्धत आहे. तो सौम्य, द्रवरूप असावा. कपडे धुण्याच्या पावडरी बऱ्याचशा अल्कधर्मी असतात आणि विषाणूचा स्फटिक अल्कतेने विरघळतो, हे वर आलेच आहे. याच कारणाने बोर्डो मिश्रणासारखी चुनायुक्त औषधे विषाणूबरोबर एकत्र करू नयेत.

आणखी एक सूचना अधिक गंभीर आहे. गूळ मधमाश्यांनाही गोड लागतो. विषाणू त्यांना बाधत नाही. परंतु 'दोन्ही एकदमच मारू' म्हणून कोणी त्याच टाकीत रासायनिक कीटकनाशक मिसळले, तर फुलोऱ्यातील पिकावर तो मधमाश्यांसाठी विषारी प्रसाद ठरेल. गुळाचे मिश्रण फक्त विषाणूबरोबरच वापरावे. मुंग्या येतात, त्याला इलाज नाही. ढालकिडे आणि क्रायसोपाचे पतंग यांनाही गोड द्रवाचे वावडे नाही, हे त्यातल्या त्यात समाधान.

वेळेचे महत्त्व या सर्वांहून अधिक आहे. खसखशीच्या दाण्यासारखी पिवळसर अंडी आणि सुतासारख्या बारीक अळ्या दिसत असताना फवारणी व्हावयास हवी. कामगंध सापळ्यांत सलग तीन दिवस आठ-दहा पतंग सापडू लागले, की ती वेळ जवळ आली असे समजावे. अळी बोटाच्या पेरापेक्षा मोठी झाल्यावर कितीही गूळ घातला, तरी विषाणूकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

रुचिवर्धकाचा परिणाम विषाणूशिवायही पाहता येतो आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना तो सहज करता येईल. औषध न मारलेल्या शेतातून दहा-बारा लहान घाटे अळ्या आणाव्यात व तीन-चार तास उपाशी ठेवाव्यात. प्रत्येक अळी स्वतंत्र डबीत ठेवणे आवश्यक आहे. एकत्र ठेवल्यास सकाळी निम्म्याच उरतील व त्या गलेलठ्ठ असतील. प्रत्येक डबीत ओलसर कागदावर कपाशीच्या किंवा टोमॅटोच्या पानाचे दोन सारखे तुकडे ठेवावेत. एक साध्या पाण्यात बुडवून सुकविलेला, दुसरा एक टक्का गुळाच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदावर तुकडे ठेवून खाल्लेले चौकोन मोजावेत. एखाद्या डबीत उलटा निकाल निघेल. म्हणूनच एका अळीवरून निष्कर्ष काढावयाचा नसतो, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे करतात, ते तत्त्वतः याहून फारसे निराळे नाही.

बाटली वेळेवर पोहोचण्याविषयी

कपाशीवरील या अळीचा प्रश्न २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाल्यानंतर बराच मागे पडला. आज या विषाणूचे खरे क्षेत्र हरभरा, तूर व टोमॅटो हे आहे. त्यापूर्वी, १९९८ पासून काही हंगाम नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी कपाशीवर एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे जे काम राष्ट्रीय पातळीवरील केंद्राच्या मार्गदर्शनाखाली झाले, त्यात विषाणूला इतर उपायांच्या जोडीने स्थान होते. विषाणू एकटा न येता सापळे, पक्षिथांबे, निंबोळी अर्क आणि परोपजीवी कीटक यांच्या सोबतीने आला, हे त्यातील लक्षात घेण्यासारखे. राज्यात २००९-१० पासून सुरू झालेल्या 'क्रॉपसॅप' या कीड सर्वेक्षण प्रकल्पामुळे अळीचा प्रादुर्भाव कोठे वाढतो आहे, हे वेळेवर कळण्याची सोयही झाली.

सर्वेक्षणाचा इशारा आणि विषाणूची बाटली या दोन गोष्टी मात्र एकाच आठवड्यात गावात पोहोचल्या पाहिजेत. घाटे भरल्यावर वाटप झालेली बाटली हिशेबात दिसते, शेतात दिसत नाही. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी बाटली स्वीकारताना लेबलावरील तीन गोष्टी वाचाव्यात: उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि स्फटिकांची संख्या. दर मिलिलिटरला १०० कोटी स्फटिक असतील, तर हेक्टरी २५० एल.ई. साठी दीड लिटर लागेल. संख्या लिहिलेलीच नसेल तर ती बाटली परत करावी. साठा पत्र्याच्या गोदामात किंवा खिडकीत न ठेवता थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा.

वाटपाच्या वेळी शेतकऱ्यास एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, ती अशी की दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन मेलेल्या अळ्या मोजावयाच्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी जावे आणि झाडाच्या शेंड्यांकडे पाहावे. काळपट पडून उलट्या लोंबकळणाऱ्या अळ्या तेथे दिसतील. त्या झटकून टाकू नयेत. त्यांतून ओघळणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि मागाहून उबवलेल्या अंड्यांतील अळ्या तीच पाने खातात.